वाजवणारा भेटेपर्यंत

शाळेत असताना परिपाठाच्या आधी फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. त्यासाठी मी एक जाडजूड वही केली होती. कोणाचा जन्म, कोणाचे निधन, कुठला तह, कुठली लढाई, असे तारीखवार लिहून ठेवायचे आणि सकाळी त्यातले दोन-तीन फळ्यावर उतरवायचे. निवृत्तीनंतर फळा सुटला, पण वही काही सुटली नाही. आता भर घालायला इंटरनेट आहे. पूर्वी ज्या माहितीसाठी भंडाऱ्याच्या वाचनालयात अर्धा दिवस घालवावा लागे, ती आता घरी बसून मिळते. अर्थात खरी-खोटी निवडायला अर्धा दिवस जातोच, ते सोडा.

या वहीत १३ जुलै १८९२ ला केसरबाई केरकरांचा जन्म नोंदवलेला आहे. गोव्यातले केरी हे गाव. सुरश्री केसरबाई म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचा कळस. त्याच वर्षाची आणखी नावे शोधताना अवघ्या महिन्याभराच्या अंतरावर एक नाव सापडले, ते मी आयुष्यात कधी ऐकले नव्हते. १४ ऑगस्ट १८९२, कैखुश्रू शापुरजी सोराबजी. नाव अस्सल पारशी, जन्म मात्र इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातला. आणि हे गृहस्थ पियानोसाठी पाश्चात्य शास्त्रीय संगीत लिहिणारे रचनाकार!

मला पाश्चात्य संगीतातले फार कळते असे मुळीच नाही. आमच्या झाडीपट्टीत नाटकाचा ऑर्गन आणि भजनाची पेटी एवढीच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांशी ओळख. पण मुंबईच्या पारशाचा मुलगा तिकडे जाऊन काय करत होता, या उत्सुकतेने वाचत गेलो आणि वाचता वाचता महिनाभर त्यातच अडकलो. का अडकलो ते शेवटी सांगतो. आधी त्यांची गोष्ट.

वडील शापुरजी सोराबजी हे मुंबईचे पारशी, पेशाने सिव्हिल इंजिनिअर. आई इंग्रज, गाणारी आणि पियानो वाजवणारी. मुलाला पहिले धडे आईनेच दिले. जन्मनाव लिऑन डडली होते, पण तरुणपणी या मुलाने ते टाकून पारशी नाव धारण केले. गंमत म्हणजे त्यांना कोणी 'भारतीय' म्हटलेले मात्र अजिबात खपत नसे. आपण पारशी, म्हणजे मूळचे इराणचे, असा त्यांचा ठाम हेका. तेव्हा आपण उगाच त्यांना 'आपला माणूस' म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. त्यांना ते आवडले नसते.

१९३२ मध्ये वडील वारले. त्यांनी ठेवलेल्या पैशातून मुलाला नियमित उत्पन्न मिळत राहिले. म्हणजे पोटासाठी शिकवण्या करा, मैफली करा, लोकांना आवडेल असे लिहा, यातले काहीच करण्याची गरज उरली नाही. आपल्याकडे कलावंताला संस्थानिकाचा आश्रय असे, तर यांना वडिलांचा. फरक इतकाच की संस्थानिकाची मर्जी सांभाळावी लागे. इथे तेही नाही. अशा माणसाने काय करावे? सोराबजी लिहीत सुटले. विशीत सुरू केले ते वयाची नव्वदी ओलांडेपर्यंत. शंभराहून अधिक रचना आणि हजारो हस्तलिखित पाने.

त्यातली सर्वांत गाजलेली रचना १९३० मध्ये पूर्ण झाली. 'ओपस क्लाविचेम्बॅलिस्टिकम' हे तिचे भले मोठे नाव. (विद्यार्थ्यांना हे नाव पाठ करायला सांगितले असते तर पालक भांडायला आले असते.) एकट्या पियानोसाठी लिहिलेली २५२ पाने. सलग वाजवायला चार तासांहून अधिक वेळ. १ डिसेंबर १९३० रोजी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात सोराबजींनी ती स्वतः वाजवली. एरिक चिझम या तरुण स्कॉटिश संगीतकाराने नव्या संगीतासाठी चालवलेल्या मंडळात हा कार्यक्रम झाला.

आपल्याला चार तासांचे नवल वाटायचे नाही. आपल्याकडे मैफली रात्रभर चालतात, झाडीपट्टीतले नाटक तर कोंबडा आरवेपर्यंत. पण आपला गवय्या चार तास गातो तेव्हा तो त्या क्षणी सुचेल तसे गातो. दमला तर तंबोऱ्यावरच्या शिष्याला आवाज लावायला सांगतो, पाणी पितो, तबलजीला वाव देतो. तिथे तसे नाही. प्रत्येक सूर, तो किती वेळ धरायचा, किती जोराने, हे सगळे आधीच कागदावर ठरलेले. पियानोला ८८ पट्ट्या. पेटीसारखा डावा हात भात्यात अडकलेला नसतो, दोन्ही हात मोकळे. साधारणपणे पियानोचे संगीत दोन ओळींच्या जोडीवर लिहितात, एक उजव्या हाताची, एक डाव्या. सोराबजी तीन, चार, कधी त्याहूनही जास्त ओळी एकाखाली एक मांडत. वाजवणाऱ्याचे हात मात्र दोनच!

आणि इथेच नाटक सुरू होते. १० मार्च १९३६ ला लंडनमध्ये जॉन टोबिन नावाच्या पियानोवादकाने या रचनेचा पहिला भाग जाहीरपणे वाजवला. सोराबजी स्वतः गेले नव्हते. पण वादन फार संथ आणि रचनेला न्याय न देणारे झाले, असे त्यांच्या कानावर आले. स्वाभिमानी आणि तिखट माणूस. आधीच संगीत समीक्षक म्हणून त्यांच्या जिभेला धार. त्यांनी ठरवले की माझे संगीत वाईट वाजण्यापेक्षा न वाजलेलेच बरे. छापलेल्या रचनासुद्धा परवानगीशिवाय कोणी जाहीरपणे वाजवायच्या नाहीत. परवानगी मागणाऱ्याला नकार ठरलेला. त्याच वर्षी डिसेंबरात ते स्वतः शेवटचे जाहीर वाजवले आणि नंतर मैफलीच्या जगातून उठून गेले. पुढे डॉर्सेट परगण्यातल्या कॉर्फ कॅसल या खेड्यात घर करून राहिले. ही बंदी चाळीस वर्षे टिकली.

आता यातली मला चकित करणारी गोष्ट ऐका. बंदी घालून हा माणूस लिहायचा थांबला नाही. १९४० ते १९४४, म्हणजे दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, त्यांनी पियानोच्या शंभर अभ्यासिका लिहिल्या. अभ्यासिका म्हणजे बोटांची एखादी अवघड करामत घेऊन बांधलेली स्वतंत्र रचना, आपल्याकडे पलट्यांचा रियाज असतो तसा, पण मैफलीत वाजवण्याजोगा. लिझ्टच्या एका संचात अशा बारा होत्या, शोपँने सत्तावीस लिहिल्या. सोराबजींनी शंभर. काही एका मिनिटाच्या आत संपतात, तर शेवटची शंभरावी जवळजवळ तासभर चालते. पुढे १९४८-४९ मध्ये एका प्राचीन ख्रिस्ती मृत्युगीताच्या चालीवर त्यांनी २७ भागांची रचना केली. ती वाजवायला आठ तास लागतात. कोणी वाजवणार नाही हे ठाऊक असताना, किंबहुना कोणाला वाजवू द्यायचे नाही असे स्वतःच ठरवलेले असताना, रात्रंदिवस हे लिहिणे चालू.

कशासाठी? मी बराच विचार केला. वर्गात मुले नसताना शिक्षक फळा भरतो का?

आता पुन्हा केसरबाईंकडे येतो, कारण त्याच वर्षी जन्मलेल्या या बाईही काही कमी करारी नव्हत्या. १९२१ पासून त्यांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे कठोर तालीम घेतली. खाँसाहेब १९४६ मध्ये मुंबईत वारले. त्यांच्या गाण्याचे एकही ध्वनिमुद्रण आज आपल्याकडे नाही. ज्या गायकीने महाराष्ट्राचे शास्त्रीय संगीत ढवळून काढले, तिच्या मूळ पुरुषाचा आवाज कोणाला ऐकवता येत नाही. केसरबाईंच्या ध्वनिमुद्रिका आहेत, पण मोजक्या, आणि बहुतेक तीन-साडेतीन मिनिटांच्या, कारण जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. शिकवण्याच्या बाबतीतही हात आखडता. धोंडूताई कुलकर्णींसारखी शिष्या हा अपवादच. पण दैवगती पाहा. १९७७ मध्ये अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. त्यांच्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत जगभरचे निवडक संगीत ठेवले आहे, त्यात केसरबाईंची भैरवी आहे. यान सुटले आणि त्याच महिन्यात, १६ सप्टेंबरला, बाई गेल्या. आज ती साडेतीन मिनिटे सूर्यमालेच्या वेशीपलीकडे चालली आहेत.

तर असे हे १८९२ चे दोन हट्टी जीव. पण दोघांच्या हट्टाचा परिणाम वेगवेगळा झाला, कारण दोघांचे संगीत वेगवेगळ्या ठिकाणी राहत होते. अल्लादिया खाँ आणि केसरबाई यांचे संगीत गळ्यात होते. खाँसाहेबांचा आवाज गेला तरी गायकी गेली नाही, कारण केसरबाई होत्या, मोगूबाई होत्या, आणि मोगूबाईंकडून ती किशोरीताईंकडे आली. सोराबजींचे संगीत कागदावर होते. कागद पेटीत ठेवला तर शंभर वर्षे टिकतो, पण शंभर वर्षे मुकाही राहतो. त्याला शिष्य नाही, घराणे नाही. कोणीतरी परका माणूस यावा, त्याने तो कागद उघडावा आणि आपले आयुष्य त्यात घालावे, तेव्हा कुठे तो बोलणार.

आपले पंडित भातखंडे या दोन जगांच्या मधोमध उभे होते असे मला वाटते. पेशाने वकील. गावोगावच्या उस्तादांकडून चिजा मिळवून त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिका' म्हणून छापल्या. काही उस्तादांनी दिल्या, काहींनी हातचे राखून दिल्या. ज्या वर्षी सोराबजींनी आपले संगीत कुलपात घातले, त्याच १९३६ मध्ये भातखंडे वारले, दुसऱ्यांची कुलपे उघडण्यात आयुष्य घालवून. भातखंडेंच्या पुस्तकातून चीज 'बसवता' येते, पण त्यात गायकी येत नाही, अशी तक्रार पहिल्यापासून होती. खरीच आहे. पण ती पुस्तके नसती तर कितीतरी चिजा त्यांच्या उस्तादांबरोबर मातीत गेल्या असत्या, हेही तितकेच खरे.

सोराबजींची बंदी शेवटी सुटली ती १९७६ मध्ये. ॲलिस्टर हिंटन नावाचा तरुण संगीतकार काही वर्षांपूर्वी त्यांच्या ओळखीचा झाला होता. वय विशीतले, आणि म्हातारबुवा ऐंशीच्या घरात. या पोराने चिकाटीने त्यांचे मन वळवले. योंटी सॉलोमन या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या पियानोवादकाला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये त्यांच्या रचना वाजल्या. मग अमेरिकेतल्या मायकेल हाबरमन यांनी त्यांच्या संगीताच्या ध्वनिमुद्रिका काढायला सुरुवात केली. १९८२ मध्ये जेफ्री डग्लस मॅज यांनी नेदरलँड्समधल्या उत्रेख्त इथे 'ओपस क्लाविचेम्बॅलिस्टिकम' संपूर्ण वाजवले. ग्लासगोनंतर दुसऱ्यांदा, ५२ वर्षांनी! जॉन ऑग्डन यांनीही ते वाजवले आणि ध्वनिमुद्रित केले. १५ ऑक्टोबर १९८८ ला सोराबजी वारले, वयाच्या ९६ व्या वर्षी. हिंटन यांनी त्यांची हस्तलिखिते एकत्र करून संग्रह उभा केला. हस्ताक्षर किचकट, चुका भरपूर. ती पाने वाचायची, एकेक सूर तपासायचा आणि वाजवणाऱ्याला वाचता येईल अशी सुवाच्य प्रत तयार करायची, या कामाला कितीतरी जणांनी वर्षे दिली. यांची नावे तबकडीच्या वेष्टनावर अगदी बारीक अक्षरात असतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला त्या बारीक अक्षरांची किंमत कळते.

आणि आता ज्या माणसाने मला महिनाभर अडकवले तो. फ्रेड्रिक उलेन. स्वीडनचा. हा पियानोवादक आहे आणि मेंदूचा शास्त्रज्ञही. २००५ मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केलेला एक शोधनिबंध नावाजला गेला. लहानपणापासून पियानोचा रियाज करणाऱ्यांच्या मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्यात, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये, रियाजाच्या तासांप्रमाणे फरक दिसतो असा त्याचा निष्कर्ष. आमच्या पिढीचे गुरुजी छडी घेऊन जे सांगत होते, ते त्याने यंत्रात पाहून सांगितले.

या उलेनने सोराबजींच्या शंभरच्या शंभर अभ्यासिका ध्वनिमुद्रित करायचे मनावर घेतले. पहिली तबकडी २००६ मध्ये आली. त्यात १ ते २५. मग २६ ते ४३, मग ४४ ते ६२. पुढच्या तबकडीत नऊच मावल्या, ६३ ते ७१, कारण अभ्यासिका लांबत चालल्या होत्या. मग ७२ ते ८३. आणि ८४ ते १०० हा शेवटचा संच २०२० मध्ये. पहिला संच ते शेवटचा संच, चौदा वर्षे. त्याआधीची तयारी वेगळीच. आणि हे सगळे प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून. त्याच २०२० साली इंग्लंडच्या जोनाथन पॉवेल यांनी त्या आठ तासांच्या रचनेचे ध्वनिमुद्रण सात तबकड्यांत प्रसिद्ध केले. ती रचना त्यांनीच २०१० मध्ये जगात पहिल्यांदा संपूर्ण वाजवली होती. सोराबजींना जाऊन तेव्हा २२ वर्षे झाली होती. स्वतःच्या उत्तम कृतींत ते जिची गणना करत, ती त्यांनी कोणाकडून सबंध कधी ऐकलीच नाही.

मी उलेनची काही वादने ऐकली. प्रामाणिकपणे सांगतो, पहिल्या दिवशी काहीच कळले नाही. बाजारात भांडी कोसळावीत तसे वाटले, आणि भंडारा पितळी भांड्यांचे गाव असल्याने तो आवाज आम्हांला ओळखीचा आहे. पण एखादी लहान अभ्यासिका चार-पाच वेळा ऐकली, की त्या गर्दीत एक सूर सारखा परत येताना दिसतो. जत्रेत हरवलेले आपले पोर दिसावे तसा. शंभराव्या अभ्यासिकेत पाच विषय आहेत असे वाचले. म्हणजे पाच लहान चाली. एक सुरू होते, ती चालू असताना तीच दुसऱ्या जागेवरून पुन्हा उठते, मग तिसऱ्या. भजनात बुवांनी ओळ म्हटली की झेलकरी ती उचलतात, तसे. पण इथे बुवा थांबत नाहीत, झेलकरीही थांबत नाहीत, आणि हे सगळे एकाच माणसाच्या दहा बोटांत. मला पाचातल्या दोन ओळखता आल्या. बाकीच्या तिघींची माफी मागतो.

हा उद्योग करून उलेनला काय मिळाले असेल? अशा तबकड्या जगात किती खपणार? एका खडूस म्हाताऱ्याने, ज्याला स्वतःलाच कोणी वाजवायला नको होते, युद्धाच्या काळात लिहून ठेवलेली पाने. ती वाजली नसती तर कोणाचे काय अडले होते?

आता का अडकलो ते सांगतो.

१९८० नंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. वैनगंगेच्या काठच्या एका लहान गावात मी शिक्षक होतो. तिथे एक पेटीमास्तर होते. शेती दीड एकर, धानाची. दिवाळीनंतर दंडारीचा हंगाम आला की आसपासच्या गावांत त्यांच्याशिवाय पान हलायचे नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीचे लोकनाट्य. गाणे, नाच, सोंगे, सगळे त्यात असते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि दंडार यांसाठी आयुष्य वेचले म्हणून त्याची लिखित नोंद तरी आहे. आमच्या पेटीमास्तरांकडे त्यांच्या आज्यापासून चालत आलेल्या चाली होत्या. एके संध्याकाळी मी माझा नवा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. ते हसले. म्हणाले, "मास्तर, डब्यात कायले कोंबता जी? मी हाव ना अजून!"

तरी तासाभराची एक कॅसेट भरून त्यांनी वाजवले आणि गायले. शब्द मी वहीत उतरवून घेतले. चौदा गाणी.

पुढच्याच वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीत बसवायचे होते. घाई होती, कोरी कॅसेट हाताशी नव्हती. हाताला आली ती मी घातली आणि मुलांचा सराव तिच्यावर भरला. कॅसेटवर नाव लिहिलेले नव्हते. चूक सर्वस्वी माझी, दुसऱ्या कोणाची नाही. लक्षात आले तेव्हा मनाशी म्हटले, मास्तर आहेतच, पुन्हा जाऊन भरू. मग बदली झाली. दोन उन्हाळे गेले. आणि गावाकडून निरोप आला तो ते गेल्याचा.

वही माझ्याकडे आहे. चौदा गाण्यांचे शब्द स्वच्छ अक्षरात आहेत. पण मला स्वरलिपी येत नव्हती. सोराबजींच्या पानात निदान सूर तरी होते. माझ्या पानांवर ओळी आहेत आणि दोन ओळींच्या मध्ये जिथे चाल होती तिथे कोरी जागा आहे. चाळीस वर्षे ती वही मी जपून ठेवली, वाळवी लागू दिली नाही. मला वाटत होते आपण काहीतरी राखून ठेवले आहे.

सोराबजी वाचल्यावर हे पहिल्यांदा नीट कळले की कपाटात ठेवणे म्हणजे जपणे नव्हे.

मागच्या महिन्यात ती वही घेऊन त्या गावी गेलो. पेटीमास्तरांचा नातू आता झाडीपट्टीच्या नाटकांत की-बोर्ड वाजवतो. हंगामात त्याला फुरसत नसते, म्हणून नेमका उन्हाळा गाठला. त्याने वही पाहिली. आजोबांना त्याने पाहिलेलेही नाही. पण त्याच्या आत्याला चार गाणी अर्धी-मुर्धी येत होती. ती उंबऱ्यात बसून गुणगुणली, त्याने ते पट्ट्यांवर पकडले, खाली ठेका लावला. पेटीमास्तर असे वाजवत नसत. ठेका तर अजिबात तसा नव्हता. एका गाण्याची चाल मला सरळसरळ सिनेमाकडे झुकलेली वाटली. 'हे चूक आहे' असे ओठांवर आले होते.

पण चूक आहे म्हणजे बरोबर काय, ते मला गाऊन दाखवता आले नसते. चाळीस वर्षांनी माझ्या कानात उरले आहे ते चाल नव्हे, चाल होती एवढी आठवण. क्षणभर सोराबजींची बाजू पटली. वाईट वाजण्यापेक्षा न वाजलेले बरे. पण ज्याच्याकडे स्वतःचे सूर कागदावर सुरक्षित आहेत, त्याला तसे म्हणणे परवडते. त्याच्यासाठी चाळीस, ऐंशी वर्षांनी उलेन येऊ शकतो. आमच्या चौदा गाण्यांसाठी कोण येणार? आणि आला तर वाजवणार काय?

मी गप्प बसलो. नातवाच्याच मोबाईलवर चारही गाणी भरली. प्रत्येकाच्या आधी माझ्या आवाजात सांगून ठेवले, की ही चाल आत्याच्या आठवणीतली आहे, ठेका आजचा आहे, आणि मूळ वाजवणाऱ्याचे ध्वनिमुद्रण माझ्या हातून पुसले गेले. हे शेवटचे वाक्य बोलताना जरा जड गेले. पण ते त्यात असायला हवे होते.

निघताना नातू म्हणाला, "बाकीच्या दहाईचं का करता जी?" म्हटले, आणखी कोणाला येतात का ते विचारत राहू. शेजारच्या गावात एक म्हातारे झेलकरी आहेत म्हणतात. पाऊस लागण्याआधी जाऊन यायचे आहे. या खेपेला कॅसेट नाही, पण सवयीने मोबाईलच्या पाठीवर कागदाची चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे. तिच्यावर पेटीमास्तरांचे नाव लिहिले आहे.